अकरा फॉर्म, एकच वळण

हजेरी घेत होते, तेवढ्यात पर्यवेक्षकांचा फोन. ‘मॅडम, तुमच्या मतदार यादीच्या भागात अकरा फॉर्म सात आलेत. आजच अहवाल लागेल.’ शाळा दोनशिक्षकी. चारही वर्ग सरांच्या गळ्यात टाकले आणि निघाले. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी, व्हायला वेगळी पात्रता लागत नाही. सरकारी नोकरीत असलात आणि त्या भागातले मतदार असलात की बहुतेक वेळा ऑर्डर येतेच.

फॉर्म सात म्हणजे यादीतून नाव वगळण्याचा अर्ज. सगळ्यांवर कारण एकच: ‘स्थलांतरीत’. अकराही ठिकाणी दीर्घ ‘री’, अकराही ठिकाणी ‘थ’ची गाठ अर्धवट सोडलेली. अठरा वर्षं वह्या तपासतेय. घरचा अभ्यास ताईनं लिहून दिला तर मला पहिल्या ओळीत कळतं.

पहिल्याच घरी ‘स्थलांतरित’ बाईंनीच दार उघडलं, हातात पिळलेले कपडे. दुसरीकडे आजोबा ओट्यावर बसलेले. नऊ जण घरात सापडले. एक मुलगी लग्न होऊन खरंच गेली होती. एका घराला कुलूप.

मग अर्जदाराला गाठलं. फॉर्मवर मतदार कार्डाचा नंबर त्यांचाच. खालची झोकदार सही दाखवली. ते म्हणाले, ‘बाई, मी तर अंगठा लावतो.’

तेही लिहून घेतलं, शेजाऱ्यांच्या सह्यांसकट. पर्यवेक्षक म्हणाले, ‘नऊ जण पत्त्यावर आढळले, एवढंच लिहा की.’ मी ऐकलं नाही. नाव ठेवायचं की काढायचं हे मतदार नोंदणी अधिकारी ठरवतात, मान्य. पण ठरवतात माझ्या कागदावरून. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात खोटं निवेदन करणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद आहे. कारण नसताना कामात कसूर करणाऱ्या आमच्यासारख्यांना किमान तीन महिने, कमाल दोन वर्षं. हे कलम 32 तोंडपाठ झालंय.

निघताना आजोबांनी विचारलं, ‘ह्याचे किती मिळतात?’

‘वर्षाला सहा हजार होते. 2025 मध्ये आयोगानं बारा केले.’

‘म्हणजे महिन्याला हजार,’ ते म्हणाले आणि माझ्या चपलांकडे बघत राहिले. झेरॉक्सचं मी सांगितलंच नाही.

संध्याकाळी सातला पुन्हा त्या कुलपापाशी गेले. शेजारीण म्हणाली, ‘ते फक्त रविवारी येतात.’

डायरीत रविवार लिहिला.