नर्गिस की नादिरा?

माझी आवडती कोण, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘श्री ४२०’चा विषय निघाला की पंचवटीतल्या आमच्या कट्ट्यावर हा प्रश्न ठरलेला: तुमची कोण, नर्गिस की नादिरा? मी म्हणतो, केळेवाली. मग हशा. ललिता पवार येवल्याच्या, म्हणून याला जिल्ह्याचा पुळका, असं सगळे धरून चालतात. पुळका थोडा आहेच. पण कारण ते नाही.

१९५५ च्या त्या सिनेमात राज कपूरचा राजू बी. ए. होऊन मुंबईत येतो आणि सचोटीबद्दल मिळालेलं पदक गहाण टाकतो. फुटपाथवर त्याला केळी विकणारी गंगामाई, म्हणजे ललिता पवार, भेटते. दोन आण्याला तीन की तीन आण्याला दोन, यावरून दोघांची घासाघीस. बाई तोंडाने फटकळ, पण माया आतून. ललिताबाईंचं वय तेव्हा ३९, म्हणजे राज कपूरपेक्षा आठेक वर्षांनीच मोठ्या. तरी आईच वाटतात. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने डावा डोळा अधू झाला आणि नायिकेची कामं सुटली. पुढे खाष्ट सासवा, आणि दूरदर्शनवर मंथरा. ती दिसली की आमची आई बोटं मोडायची. मी म्हणायचो, अगं, मंथरा नसती तर राम पंचवटीत आला असता का?

तर कारण. १९८६ साली मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. नोकरी लागली होती, खोली नव्हती. एका एजंटाने डोंबिवलीत कुलूपबंद खोली बाहेरूनच दाखवली, “मालक गावाला गेलेत,” म्हणाला, आणि डिपॉझिट घेऊन किल्ली हातावर ठेवली. पैसे आईच्या पाटल्या मोडून आणलेले. संध्याकाळी वळकटी घेऊन पोचलो, तर दार सताड उघडं आणि उंबऱ्याशी एक बाई सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

“पावती घेतलीस?”

“नाही.”

“शिकलायस ना रे मेल्या?”

पाच मिनिटं नुसत्या बोलत होत्या. मजल्यावरची दारं उघडली, लोक बघायला आले, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मग आत गेल्या आणि ताटलीत पोळी आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. “जिन्यात बसून खा. हे आले की बघू रात्रीचं.” त्या रात्री मी त्यांच्याच गॅलरीत झोपलो. एजंट पुन्हा दिसला नाही.

सिनेमात पुढे राजू १०० रुपयांत घर देण्याच्या लबाड योजनेत सामील होतो आणि फुटपाथवरची माणसं साठवलेली पुंजी घेऊन येतात. तिथे मी उठतो आणि पाणी प्यायला आत जातो. घरचे म्हणतात, अहो, बसा की, आता तर रंगात आलाय.

पाटल्या आईने पुन्हा केल्या नाहीत. ऐपत आली तेव्हा मीच तिला दुकानात घेऊन गेलो होतो. म्हणाली, आता सवय राहिली नाही रे, भांडी घासताना मध्ये येतात.