अर्ध्या मिनिटाचा उशीर

शुक्रवार, रात्री

आमच्या इमारतीत भारताचा सामना तीन मार्गांनी येतो आणि तिन्ही मार्गांवर तो वेगवेगळ्या वेळी घडतो. तळमजल्यावरच्या आजोबांचा ट्रान्झिस्टर सर्वांत पुढे असतो, त्याच्यामागून काही सेकंदांनी डिश असलेली घरे येतात, आणि जवळजवळ अर्ध्या मिनिटाने, केबल काढून टाकून सगळे इंटरनेटवर आणणारी आमच्यासारखी घरे. आज आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पँटला घासत उभा होता, तेव्हाच वरच्या मजल्यावरून हळहळ ऐकू आली आणि आपला गडी गेला हे कळून चुकले. त्यानंतर तो फलंदाज नवीन गार्ड घेत होता, क्षेत्ररचना न्याहाळत होता, आणि मी त्याच्याकडे, ज्याला स्वतःची बातमी अजून कळलेली नाही अशा माणसाकडे पाहावे, तसा पाहत होतो.

या उशिराचे खापर बहुतेक लोक उपग्रहावर फोडतात, पण तो बिचारा जवळजवळ निर्दोष आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेशाने वर जाऊन खाली यायचे म्हटले तरी पाव सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो चित्र आक्रसण्यात. डिजिटल चित्र लहान करताना एन्कोडर, म्हणजे ते आक्रसणारे यंत्र, प्रत्येक चौकटीची (फ्रेमची) तुलना मागच्याच नव्हे, तर पुढच्या चौकटींशीही करतो. आणि पुढची चौकट अजून घडायची असल्यामुळे त्याला तिच्यासाठी थांबावेच लागते. जुन्या अ‍ॅनालॉग दूरदर्शनला ही चैनच नव्हती. कॅमेऱ्यासमोर जे घडे ते जवळपास त्याच क्षणी आमच्या घरात येई. मुंग्या येत, चित्र हलत असे, ‘व्यत्यय’ची पाटी येई, पण जे येई ते तत्काळ येई.

इंटरनेटवरचा उशीर मात्र मुद्दाम ठेवलेला असतो. २००९ साली अ‍ॅपलने थेट प्रक्षेपणाची एक पद्धत आणली, जिच्यात चित्र-ध्वनीचा प्रवाह काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून साध्या फायलींसारखा पाठवला जातो. सुरुवातीला हा तुकडा दहा सेकंदांचा असावा अशी शिफारस होती, पुढे ती सहावर आली. डबा भरून झाकण लागल्याशिवाय तो डबेवाल्याच्या हाती देता येत नाही, तसा तुकडा पूर्ण झाल्याशिवाय तो पुढे निघत नाही. आणि आपल्याकडचे अ‍ॅप असे दोन-तीन तुकडे हाताशी जमवल्याखेरीज चित्र दाखवायला सुरुवात करत नाही. सहा त्रिक अठरा, त्यात एन्कोडिंग, जाहिरातींची जुळणी आणि वाटेतला प्रवास मिळवला की अर्धे मिनिट सहज भरते.

तरीही ही पद्धत टिकली, याचे कारण तिच्या साधेपणातच आहे. तुकडा ही साधी फाइल असल्याने तिच्या प्रती शहरोशहरीच्या सर्व्हरवर ठेवता येतात आणि एकाच प्रतीतून हजारो घरांना वाटता येतात. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर कोहलीने एकदिवसीय सामन्यांतले पन्नासावे शतक केले आणि शमीने सात बळी घेतले, तो उपांत्य सामना एका वेळी ५.३ कोटी लोक इंटरनेटवर पाहत होते. चार दिवसांनी अहमदाबादच्या अंतिम सामन्याला हा आकडा ५.९ कोटींवर गेला. व्हिडिओ कॉलचे तंत्र वापरले तर उशीर सेकंदाच्या आत येतो, परंतु त्यात प्रत्येक प्रेक्षकाशी स्वतंत्र, अखंड संपर्क राखावा लागतो, आणि तसे सहा कोटी संपर्क राखणे कोणाच्याही खिशाला परवडणारे नाही.

इथपर्यंत मला सगळे मान्य आहे. जे मान्य नाही ते असे की, तुकड्यांचेही उपतुकडे करून तयार होतील तसे पाठवण्याची सुधारणा २०१९ मध्येच जाहीर झाली आहे आणि तिने उशीर काही सेकंदांवर आणता येतो. साठा कमी ठेवला की नेट जरा अडखळताच पडद्यावर चक्र फिरू लागते, आणि कंपन्या त्या चक्राला उशिरापेक्षा अधिक घाबरतात, हेही समजण्यासारखे आहे. पण मग तो निर्णय प्रेक्षकावर का सोडू नये? चित्राचा दर्जा निवडता येतो, भाषा निवडता येते, कॅमेऱ्याचा कोनसुद्धा निवडता येतो. उशीर मात्र निवडता येत नाही आणि तो किती आहे हे दिसतही नाही. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्याला साधारण, कमी आणि अतिकमी उशीर असे पर्याय मिळतात, आणि पाहणाऱ्यालाही तांत्रिक तपशिलांची चौकट उघडली की आपण किती सेकंद मागे आहोत ते वाचता येते. म्हणजे हे अशक्य नाही. क्रिकेटसाठी मी चित्राचा दर्जा दोन पायऱ्या खाली आणायला एका पायावर तयार आहे.

मग मी डिशकडे परत का जात नाही? एक कारण समालोचनाचे आहे. २०२३ साली आयपीएलचे दूरचित्रवाणीचे आणि इंटरनेटचे हक्क वेगवेगळ्या हातांत गेले आणि इंटरनेटवर जिओसिनेमाने मराठी समालोचन सुरू केले. त्याच हंगामात केदार जाधव मराठीतून समालोचन करता करता थेट बंगळुरूच्या संघात दाखल झाला, हा योग रेडिओच्या काळात समालोचक बाळ ज. पंडितांनाही आला नसता. तेव्हापासून घरात मराठी समालोचनाची सवय लागली ती लागलीच.

रविवार

आज उशिराचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक जाचक, प्रकार पाहायला मिळाला. माझी भाची न्यू जर्सीत वाढते आहे आणि तिच्या गाण्याच्या बाई पुण्यात असतात. तिची शनिवारची रात्र म्हणजे बाईंची रविवारची सकाळ. ताई काही दिवसांसाठी इकडे आली आहे, त्यामुळे आज ती आमच्याच लॅपटॉपवरून त्या शिकवणीत तिसरी म्हणून बसली होती आणि मीही खुर्ची ओढून मागे बसलो.

बाई समोरासमोरच्या शिकवणीत स्वतः ठेका धरून शिष्याला गायला लावतात, असे ताई सांगते. इथे ते शक्यच नाही. बाईंनी समेवर दिलेली टाळी भाचीला उशिरा ऐकू येते, ती त्या उशिरा आलेल्या टाळीवर बरोबर सम गाठते, आणि ती सम परत पुण्याला पोहोचेपर्यंत बाईंचा ताल पुढे निघून गेलेला असतो. दोघीही तालात असतात आणि दोघींनाही समोरची बेताल वाटते. म्हणून तंबोरा आणि तबला दोन्ही भाचीच्याच खोलीत, टॅबलेटवरच्या अ‍ॅपमधून वाजतात. बाईंना तिचे गाणे आणि ठेका एकत्रच, दोन्ही सारखेच शिळे होऊन ऐकू येतात. त्यामुळे दुरुस्ती करता येते, पण सोबत करता येत नाही. बाई ऐकतात, थांबवतात, स्वतः म्हणून दाखवतात, मग पुन्हा ऐकतात. दोघींचा आवाज एका सुरात मिसळण्याचा क्षण संबंध तासात येत नाही.

ताईने मला विचारले, “अरे, त्यांना अजून वेगवान नेट घ्यायला सांगू का? फायबर तर दोन्हीकडे आहे.” मी कागद घेऊन तिला हिशेब करून दाखवला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यू जर्सी हे अंतर सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे अगदी सरळ तंतू टाकला तरी एका बाजूला साठ मिलिसेकंदांच्या वर लागणारच. प्रत्यक्षात केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी समुद्रात उतरते, तांबड्या समुद्रातून आणि युरोपातून वळणे घेत जाते, आणि वर ध्वनी-चित्र आक्रसण्याचा वेळ असतोच. एकत्र वाजवणाऱ्यांना पंचवीस-तीस मिलिसेकंदांपलीकडचा उशीर खटकू लागतो. हा खर्च वाढवून सुटणारा प्रश्न नव्हे. प्रकाशाचा वेग आड येतो. “म्हणजे पैसे वाचले,” असे म्हणून ताई उठली.

टाळेबंदीच्या काळात आपापल्या घरातून, छोट्या चौकटींत एकत्र गाणाऱ्या कलाकारांच्या चित्रफिती आपण सर्वांनी पाहिल्या. त्यांपैकी बहुतेकांत कोणीही कोणाबरोबर गात नव्हते: प्रत्येकाने कानात एकच ठेका घेऊन आपला भाग स्वतंत्र ध्वनिमुद्रित केला होता आणि नंतर कोणीतरी ते सगळे एकमेकांवर बसवले होते. मला ते तेव्हाही आवडले होते आणि आजही आवडते, पण त्याला मैफल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बुधवार

नव्या ब्लूटूथ हेडफोनवर एक चित्रपट पाहिला. टीव्हीवर ओठ आणि शब्द यांच्यात किंचित फट जाणवत होती, फोनवर मात्र ती नव्हती, कारण फोनवरचे अ‍ॅप हेडफोनला लागणारा वेळ जाणून चित्रच तेवढे मागे धरते. लबाडी आहे, पण प्रेमळ लबाडी आहे. मोबाइलवरच्या खेळांना ती करता येत नाही, कारण बोट दाबल्यावर चित्राने थांबून चालत नाही. म्हणून तेथे गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत याविषयी एक मोठा लोभस तपशील आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर माणसाच्या लक्षात येतो, पण तोच मागे पडला असेल तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हा असमतोल मला पूर्ण पटतो. निसर्गात आवाज दृश्याच्या मागूनच येतो. लाकूड फोडणाऱ्याची कुऱ्हाड आधी दिसते, ठोका नंतर ऐकू येतो. उलटे कधीच घडत नसल्याने मेंदू ते माफ करत नाही.

यावरून वानखेडेचा हिशेब मांडला. वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षकापासून खेळपट्टी शंभर मीटर धरली आणि आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर बॅटचा टणत्कार त्याला जवळजवळ तीन दशांश सेकंदांनी ऐकू येतो. याउलट घरातल्या प्रेक्षकाला यष्टीतल्या मायक्रोफोनमुळे टोला आणि आवाज जुळलेले मिळतात. तिकिटाचे पैसे मोजून उन्हात बसलेल्याला चित्र ताजे आणि आवाज शिळा मिळतो. घरी बसलेल्याला दोन्ही सारखेच शिळे, पण एकमेकांशी इमान राखून. सट्टेबाजीच्या टोळ्या मैदानातच माणूस बसवून फोनवरून चेंडूगणिक निकाल बाहेर कळवतात, ते मैदान आणि प्रक्षेपण यांच्यातल्या काही सेकंदांच्या फटीवर पैसे कमावण्यासाठी. आमच्या वरच्या मजल्यावरची हळहळ त्या मानाने फुकट आहे.

शनिवार

बाबा आजही सकाळच्या ठरलेल्या वेळेच्या आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांवर भिंतीवरचे घड्याळ लावतात. रेडिओ बिघडल्यावर मी त्यांना फोनवर अ‍ॅप लावून दिले, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी ते घड्याळ मागे पडते म्हणून तक्रार केली. कारण ऐकून घेतल्यावर त्यांनी मला रेडिओ दुरुस्त करून आणायला पाठवले, आणि मला वाटते, योग्यच केले.

मोबाइलवर इंटरनेटविना, आकाशवाणीसारखेच मनोऱ्यावरून थेट चित्र उतरवण्याच्या तंत्राच्या चाचण्या प्रसार भारतीने आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांच्या साहाय्याने केल्या आहेत. त्याचा गाजावाजा डेटा वाचेल म्हणून होतो. मला त्यात अधिक मोलाचे हे वाटते की, एका मनोऱ्याखालच्या सगळ्या फोनवर चित्र जवळपास एकाच वेळी येईल. मात्र त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते आणि मोबाइल कंपन्यांना आपले डेटाचे गिऱ्हाईक सोडायचे नसणार, त्यामुळे मी त्याची वाट पाहत बसणार नाही.

तूर्तास दूरदर्शनची मोफत डिश बसवण्याचे ठरवले आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीशी वाटून घ्यावे लागते, त्यामुळे भारताचे महत्त्वाचे सामने तिच्यावर दिसतील. आयपीएल तेवढे मी मराठी समालोचनासाठी अर्धे मिनिट उशिराने सोसेन. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे डोंबिवलीहून छत्रीचे तोंड आग्नेयेला करावे लागते, आणि आमच्या गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे. सोसायटीच्या सचिवांनी टाकीच्या कठड्यावर छत्री ठोकायला हरकत घेतली आहे. सोमवारी बसवणारा माणूस जागा पाहायला येणार आहे. त्याच्याबरोबर मीही होकायंत्र घेऊन वर जाईन.