कोण म्हणाले?

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो जिन्याखालचा फळा. मैदान नाही, वर्ग नाही, घंटासुद्धा नाही. डाव्या कोपऱ्यात सुविचार, उजव्या कोपऱ्यात दिनविशेष आणि मधे तीन ठळक बातम्या. आठवी 'ब'त असताना तो फळा माझ्याकडे आला, कारण माझं अक्षर बरं होतं. बातमीची समज हा निकष नव्हता, आणि ती मला नव्हतीही. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकायच्या, पाठकोऱ्या कागदावर खरडायच्या आणि प्रार्थनेच्या आधी फळ्यावर उतरवायच्या, एवढंच काम.

माझी मुलगी सध्या कॉलेजात जनसंज्ञापन शिकते. तिच्या तोंडून 'माध्यमसाक्षरता' आणि 'बहुमाध्यमी लेखन' हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिला विचारलं, म्हणजे नक्की काय गं? तिनं अर्धा तास समजावलं: समोर आलेली बातमी, फोटो, आवाज पारखून घ्यायचा आणि आपलं म्हणणं शब्द, चित्र, आवाज मिळून सांगायचं. ऐकता ऐकता वाटायला लागलं, अरे, हे तर आपण बार्शीतच शिकलो. फक्त त्याला नाव नव्हतं आणि मार्कही नव्हते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. मंडळाच्या ट्रॅक्टरमागे नाचून नाचून पाय दुखत होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजायला लागले आणि वडील ओरडले, "बाहेर!" उजाडल्यावर रेडिओवर किल्लारीचं नाव आलं. तोवर ते गाव आमच्यापैकी कुणी ऐकलंही नव्हतं. पुढच्या काही दिवसांत मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला आणि फळ्यावर रोज आदल्या दिवशीचा आकडा पुसून नवा लिहिणं हेच माझं काम झालं. हाताला त्याची सवय झाली, याची आज लाज वाटते.

तीन-चार दिवसांनी मी फळ्यावर लाल खडूनं लिहिलं, 'आज रात्री ३ वाजता पुन्हा भूकंप!!!' भोवती चौकट काढली, बाजूला कोसळणारं घर काढलं. फळा झकास दिसत होता. मधल्या सुट्टीपर्यंत पाचवीच्या दोन मुली रडत घरी गेल्या होत्या आणि एक आई मुलाला न्यायला शाळेच्या दारात आली होती. चित्रकलेचे सर जिन्याखाली आले. वाटलं, आता पुसतील आणि मग कानाखाली. त्यांनी पुसलं नाही. माझ्या चौकटीखाली पांढऱ्या खडूनं दोनच शब्द लिहिले, 'कोण म्हणाले?' आणि खडू माझ्या हातात देऊन निघून गेले.

संध्याकाळी मी शोधायला निघालो. मला वर्गातल्या मित्रानं सांगितलं होतं. त्याला त्याच्या काकांनी. काकांची एसटी स्टँडजवळ पानटपरी होती, त्यांना लातूरहून गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सापडला. बिडी विझवत म्हणाला, "तिकडं लोक बोलत हुते की." दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं. आता या लोकांचं घर शोध." मग त्यांनी मला फळ्यावर त्या बातमीच्या प्रवासाचा नकाशा काढायला लावला. मित्र, टपरी, एसटी, लातूर, प्रत्येकाचं छोटं चित्र आणि मधे बाण. शेवटच्या बाणापुढे चौकट काढली, तिच्यात काहीच लिहिता येईना. ती रिकामीच ठेवायची, असं सरांनी सांगितलं. खाली विज्ञानाच्या बाईंनी स्वतः लिहिलं, की भूकंपानंतर लहान धक्के बसत राहतात हे खरं, पण मोठा भूकंप कुठल्या दिवशी, किती वाजता होणार हे सांगणारं तंत्र जगात कुणाकडेही नाही.

आणि हो, ज्या रात्री भूकंप होणार होता त्या रात्री आमची सगळी गल्ली अंगणात झोपली होती. मीसुद्धा.

त्या वर्षीच्या हस्तलिखिताचा, म्हणजे शाळेच्या हातानं लिहिलेल्या अंकाचा, विषय भूकंप ठरला. सरांकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात वर्तमानपत्रांतल्या फोटोंची कात्रणं. एके दिवशी त्यांनी एक फोटो फळ्याला टाचला. खालची ओळ कापून टाकलेली. पडलेल्या भिंतीसमोर एक आजी उभी, कपाळावर हात. वर्गानं तिच्यासाठी फोटोओळ लिहायची. आम्ही जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिली, फक्त शब्द वेगळे. हताश आजी, नशिबाला दोष देणारी आजी, सर्वस्व गमावलेली आजी. मी 'दुःखाचा डोंगर' घातला होता आणि त्यावर खूश होतो.

सरांनी खिशातून कापलेली ओळ काढून वाचली. त्या आजी मदत घेऊन आलेल्या हेलिकॉप्टरकडे पाहत होत्या. हात कपाळावर होता तो ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "घर पडलंय, तेव्हा दुःख आहेच. पण ते त्या हातात कुठंय? ते तुम्ही आणून ठेवलंत." मग पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे घेतले आणि ते फोटोवर सरकवत त्याची चौकट लहानमोठी करून दाखवली. आवळली की नुसती आजी आणि भिंत. डावीकडे सरकवली की कोपऱ्यात एक शेंबडं पोरगं तोंडभर हसताना दिसायचं. ते पोरगं आम्हा चाळीस जणांपैकी एकालाही आधी दिसलं नव्हतं.

हस्तलिखितात माझा चार पानी लेख होता. 'काळरात्र' असं नाव, सुरुवातीला नियती, शेवटी पुन्हा नियती. मराठीच्या बाईंना तो आवडला होता. पण पानांची आखणी चित्रकलेच्या सरांकडे. दोन पानांपैकी त्यांनी मला अर्धं पान दिलं. उरलेलं दीड पान दिलं वर्गातल्या एका मुलीला, जी वर्षभरात चार वाक्यं बोलली नसेल. तिचे मामा उमरग्याकडे गवंडीकाम करायचे. त्यांना विचारून तिनं माळवदाच्या घराचं चित्र काढलं होतं, मधोमध कापल्यासारखं. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, पण आतून आणि बाहेरून वेगवेगळे रचलेले दगड, मधे माती नि खडीचा भराव, आणि दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर लाकडी माळ्यावर मातीचा जाड थर. जमीन हलली की भिंतीचे दोन पदर फुगून सुटतात आणि वरचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर येतो.

माझी चार पानं त्या चित्रापुढे पडली. इतकी माणसं का गेली, हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. तेव्हा हे काही उदारपणे कबूल केलं नाही, चांगला आठवडाभर फुगून बसलो होतो. शेवटी मला त्या चित्रातल्या बाणांपुढची नावं लिहायचं काम मिळालं. अक्षर बरं होतं ना.

आवाजाचा प्रयोगही झाला. स्नेहसंमेलनासाठी टेपवर पंधरा मिनिटांची श्रुतिका केली. भूकंपाची गडगड हवी म्हणून आम्ही रिकाम्या वर्गात दोन बाकं फरशीवरून ओढली आणि ती जमली अगदी बेमालूम. इतकी, की ऐकून शिपाईमामा धावत वर आले. सरांनी ऐकलं आणि विचारलं, "ऐकणाऱ्याला कळेल का, हे बाक आहे?" नाटकात चालतं सर, आम्ही म्हणालो. "नाटकात चालतं. पण तुम्ही मधे खऱ्या माणसाची मुलाखत घातलीय." तेव्हा मुलाखतीच्या आधी निवेदन टाकलं, 'यापूर्वी ऐकलेला आवाज बाकाचा आहे.' संमेलनात या वाक्यावर जो हशा पिकला, तो आमच्या विनोदी नाटकालाही मिळाला नाही.

दहावीत, २१ सप्टेंबर १९९५ला, गणपती दूध प्यायला लागला. किल्लारीचा दिवस गुरुवार होता आणि हाही गुरुवारच. अफवा करायला एवढं पुरतं. माझी आजी सकाळीच वाटी-चमचा घेऊन देवळात जाऊन आली होती. एव्हाना फळा नववीकडे गेला होता, पण मथळ्यावरून भांडण आमच्यापर्यंत आलं. 'गणपती दूध प्यायले' की 'गणपती दूध पीत असल्याची चर्चा'? शेवटी कार्यानुभवाच्या तासाला केलेली शाडूची मूर्ती आणली, दुधात लाल शाई टाकली आणि चमचा सोंडेला टेकवला. पृष्ठताणानं दूध चमच्यातून ओढलं गेलं आणि लाल ओघळ पोटावरून पाटावर उतरला. त्याची चार चौकटींची चित्रमालिका फळ्यावर लागली. मथळा असा दिला, 'दूध कुठे गेले?' घरी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमचा शाळेचा गणपती, त्याला कशाला भूक लागंल?" यावर सरांकडेही उत्तर नव्हतं.

आता माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या एका फलकावर बेचाळीस चेहरे बसवायचे आणि कुणाचा फोटो कुणापेक्षा अर्धा इंच मोठा यावरून गिऱ्हाइकाशी वाद घालायचा, हा माझा रोजचा बहुमाध्यमी धंदा. ते काटकोनी पुठ्ठे मी माऊसनं सरकवतो, एवढाच फरक.

मागे ३० सप्टेंबरला आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरला. 'किल्लारी १९९३, विनम्र अभिवादन.' फोटोत कोसळलेली चार मजली इमारत, स्लॅबवर स्लॅब बसलेला. मी पाहत राहिलो. किल्लारीत कुठला आलाय चार मजली स्लॅब? तिथे तर माळवदं पडली. मुलीनं फोटो शोधून काढला, तो २००१च्या भुजच्या भूकंपाचा निघाला. मी ग्रुपवर एवढंच विचारलं, "कोण म्हणाले?" आमचे एक वडीलधारे काका चिडून म्हणाले, "भावना समजून घे." बाकी पंचवीस जणांनी हात जोडले, त्यांना की मला, कळायला मार्ग नाही.

महोत्सवाच्या कामासाठी गेल्या महिन्यात शाळेत आलो तेव्हा ग्रंथालयातलं ते हस्तलिखित काढायला लावलं. पानं पिवळी पडलीत, पण चित्र जसंच्या तसं आहे. माझा अर्ध्या पानाचा लेख वाचवेना. मग बाण पाहू लागलो, तर 'मातीचा थर' या माझ्या सुबक अक्षरापुढचा बाण सरळ लाकडाच्या तुळईत घुसलेला. तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. ग्रंथपाल बाईंकडे खोडरबर आणि पेन्सिल मागितली.

"सर, रेकॉर्डला आहे ते," त्या म्हणाल्या आणि हस्तलिखित माझ्या हातातून काढून घेऊन कपाटात ठेवलं.