९४ चा आकडा आणि वाया गेलेले बावीस दिवस

डिचोलीतील आमच्या जुन्या घराच्या चिऱ्यांच्या भिंती दीड हात जाड आहेत, त्यामुळे पडवीतल्या वाय-फायचा ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल माजघरातही धड पोहोचत नाही. लेक माडीवर बसून घरूनच नोकरी करू लागली, तेव्हा आम्ही ५० ऐवजी ३०० एमबीपीएसची (सेकंदाला मेगाबिट) योजना घेतली, माडीपर्यंत इंटरनेटची नवी कॅट-६ केबल ओढली आणि तिथे वाय-फाय ६ चा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारे यंत्र, बसवला. हे सारे दोन दिवसांत झाले. पुढचे बावीस दिवस मात्र एका पोर्टापायी, म्हणजे केबल खोचायच्या खाचेपायी, गेले, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

माडीवर वेग ९४ च्या वर जाईना. पहाटे मोजा, रात्री मोजा, ९४ च. गर्दीमुळे मंदावलेला वेग असा एकाच आकड्यावर थांबत नाही. १४६० बाइट माहिती पाठवताना पत्ता वगैरेंच्या आवरणासकट १५३८ बाइटांची जागा लागते, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर हाती ९४-९५ च उरतात. कंपनीने दिलेल्या फायबरच्या पेटीला, म्हणजे ओएनटीला, चार पोर्ट होते. त्यांतले पहिले तेवढे गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आणि बाकीची तीन १०० ची. मे महिन्यातल्या विजांत पहिले पोर्ट निकामी झाले होते आणि दुरुस्तीला आलेल्या मुलाने तार दुसऱ्यात खोचून दिली होती. योजना ५० ची असेपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही.

तक्रार केली. आलेल्या तंत्रज्ञाने मोबाइल पेटीशेजारी धरला, वाय-फायवर २८० दाखवले आणि म्हणाला, "काका, वेग पूर्ण येतो आहे. तीन पोर्ट चालू आहेत ना, त्यांतले एक वापरा." तो फाटक ओलांडतो न ओलांडतो तोच तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला. दुसरी तक्रार तर कोणी घरी न येताच बंद झाली. कार्यालयात गेलो, तेव्हा पेटी चालू आहे म्हणून बदलता येत नाही, हवी तर बाजारातून आणा, असे उत्तर मिळाले. वास्तविक ओएनटीचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय ती चालत नाही आणि ती नोंद ग्राहकाच्या हातात नसते. हे मी सांगितले, तरी पुन्हा तक्रार नोंदवा, एवढेच ऐकावे लागले.

तिसरी तक्रारही तशीच बंद झाल्यावर मी अपील केले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, त्याला शुल्क नाही आणि निर्णयाला ३९ दिवसांची मुदत आहे. चारही पोर्टांना तोच लॅपटॉप जोडून संगणकाने दाखवलेला लिंक स्पीड, म्हणजे त्या जोडणीचा कमाल वेग, आणि प्रत्यक्ष मोजलेला वेग मी तारखांसह लिहून दिला आणि तिन्ही तक्रारींचे क्रमांक जोडले. हे क्रमांक पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत. मी आधीच अपील केले असते, तर निदान दहा दिवस वाचले असते.

आठव्या दिवशी नवी पेटी आली. बसवायला पाऊण तासही लागला नाही. लिंक स्पीड १००० दिसला, माडीवर २९० मिळाले आणि चवथीला घर पाहुण्यांनी भरले तरी लेकीची एकही बैठक तुटली नाही.

एक गोष्ट खरे तर आधी सांगायला हवी होती. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे टोकाचा कनेक्टर नीट दाबलेला नसला तरी नेमका हाच ९४ चा आकडा दिसतो. म्हणून तक्रारीआधी दुसरी आखूड केबल थेट पेटीला लावून पाहावी. मी ती लावली होती, म्हणूनच केबलकडे बोट दाखवायला त्यांना जागा उरली नाही. केबल घेताना ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त जात घेऊ नये, निखळ तांब्याचीच मागावी. आणि फायबरच्या काचेतून वीज वाहत नसली, तरी ॲडॅप्टरमधून आणि तांब्याच्या केबलमधून ती येते. ढग गडगडू लागले की आम्ही आता दोन्ही काढून ठेवतो.