लेंड्या, अक्षता आणि शेकरू

शनिवार, रात्री

पायाच्या बोटांना अजून मुंग्या येताहेत. चूक माझीच. लोकरीचे मोजे घाला, सुती नकोत, असं आजच्या जंगलफेरीच्या वाटाड्या बाईंनी आधीच कळवलं होतं. मी आईने मंचरहून पाठवलेले सुतीच घातले, तेही एकावर एक दोन. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच घाम मग गार पडतो. उणे अकरात हे शिकायला पाऊण तास पुरला.

फिनलंडमध्ये हेलसिंकीशेजारच्या एस्पो स्टेशनवरून २४५ नंबरची बस घेऊन आम्ही अकरा जण नूक्सिओच्या जंगलात गेलो. व्हिएतनाम, नायजेरिया, मेक्सिको, बांगलादेश आणि मी. हेलसिंकीच्या इतक्या जवळ असूनही हे राष्ट्रीय उद्यान आहे, १९९४ पासूनचं. वाट दाखवायला त्याच बाई होत्या, साठीच्या, फिनिश. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेले दोन मुठीचे खिळे लोंबत होते. मला आधी दागिनाच वाटला. तलाव गोठलेला असला तरी बर्फ दगा देतो. आत पडलंच तर हे खिळे कडेच्या बर्फात रोवून स्वतःला ओढून काढायचं. एका माणसाला चालायला निदान पाच सेंटिमीटर पक्का बर्फ हवा, असं सांगून बाई आधी स्वतः तलावावर गेल्या आणि मग आम्हाला बोलावलं.

खरी गंमत पुढे झाली. एका जुन्या स्प्रूसच्या बुंध्याशी बाई थांबल्या, हातमोजा काढला आणि चक्क गुडघ्यांवर बसल्या. बर्फावर पिवळे दाणे पडले होते. तांदळाएवढे, हळद लावल्यासारखे. कालच इथे कुणाचं लग्न लागलं आणि अक्षता उरल्या, असंच मला वाटलं. मेक्सिकोचा मुलगा म्हणाला, गवताचं बी. बाई म्हणाल्या, लेंड्या. सगळे एक पाऊल मागे.

उडत्या खारीच्या लेंड्या. फिनिशमध्ये तिला लीतो-ओरावा म्हणतात, आणि या उद्यानाचं चिन्ह तीच. हिवाळ्यात ती बर्च आणि आल्डर या झाडांचे तुरे खाते, म्हणून हा रंग. ती रात्री फिरते, त्यामुळे तिचा पत्ता लागतो तो या दाण्यांवरूनच. तिची राहायची जागा उद्ध्वस्त करायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे चार दाणे सापडले की झाडावरची कुऱ्हाड थांबू शकते. बाई तीस वर्षं या जंगलात हिंडताहेत. खार दिसली किती वेळा? चार. चारही वेळा कुठे, कधी, ते त्यांना पाठ होतं.

मला आपलं शेकरू आठवलं. भीमाशंकरचं. आम्ही दर श्रावणात जायचो, काका दरवेळी "तो बघ, तो बघ" म्हणून बोट दाखवायचे आणि मला हलणारी फांदी दिसायची. चौथीत मात्र मी 'मी पाहिलेले शेकरू' असा निबंध लिहिला, शाळेतल्या बाईंनी वर्गात वाचूनही दाखवला. ती थाप होती, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून टाकते.

दुपारी चुलीच्या जागी थांबलो. उद्यानात कुठेही जाळ करता येत नाही, पण तिथे शेडमध्ये लाकडं रचलेली असतात. बर्चची साल ओली असली तरी पेटते, भसकन. बाकीच्यांनी काडीला सॉसेज लावले, मी फॉइलमधलं कालचं थालीपीठ निखाऱ्याशी सरकवलं. एक कड जळली, तीच जास्त छान लागली.

बोलता बोलता मी शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी असल्याचं सांगून बसले. नायजेरियाच्या मुलीने लगेच विचारलं, तू पाहिलंयस?

हो म्हणाले. वर दोन्ही हात पसरून शेपटीची लांबीही दाखवली.

बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं, "हं" म्हटलं आणि जाळात एक लाकूड सारलं.