'शांतता राखा'ची पाटी

गेल्या १२ ऑगस्टला, भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या ग्रंथपाल दिनी, आमच्या नवी मुंबईतल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी एक नाटिका केली. तीत ग्रंथपाल झालेल्या मुलीला अंबाडा होता, नाकावर घसरलेला चष्मा होता आणि दर दुसऱ्या वाक्याला "शूऽऽ" होते. अंबाडा वगळता बाकीचा सरंजाम माझाच असल्यामुळे मी पोट धरून हसले. शेजारी बसलेल्या, ठाण्याहून पाहुण्या म्हणून आलेल्या ज्येष्ठ ग्रंथपाल बाईंना मात्र ते लागले. "इतकी वर्षं नोकरी करून आपण एवढ्याच उरलो का गं?" असे त्या पुटपुटल्या, आणि गंमत म्हणजे तेही कुजबुजतच.

हे चित्र आपल्याकडचे नाही, असे मला राहून राहून वाटते. १८९३ साली वि. ल. भावे प्रभृतींनी जेथे मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केले, त्या ठाण्यात मी वाढले. आणि घराजवळच्या ज्या लहानशा वाचनालयात मी वडिलांचे बोट धरून जात असे, तेथील सर्वांत गजबजलेली जागा म्हणजे देवघेवीचा टेबल. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर कोणता अंक आला, कोणता कोणी दडवून ठेवला, यावर तेथे जाहीर तंटे होत. ओठांवर बोट ठेवणाऱ्या बाई मला प्रथम पडद्यावरच भेटल्या. १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या अमेरिकन चित्रपटात नायक जन्मालाच आला नसता तर काय झाले असते हे दाखवताना त्याची बायको अविवाहित, चष्मा लावलेली, ग्रंथालय बंद करून घाईने निघालेली अशी दिसते. म्हणजे लग्न न झालेल्या बाईची शोकांतिका सांगायला तिला ग्रंथपाल केले की पुरे!

यावर आमच्या व्यवसायाने दिलेली उत्तरेही पाहण्यासारखी आहेत. २००३ साली अमेरिकेत सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांच्यावरून एक खेळण्यातली बाहुली निघाली, जिच्या पाठीवरचे बटण दाबले की हात ओठांकडे जाई. पर्लबाई स्वतः राजी होत्या. काही ग्रंथपाल संतापले, तर काहींनी ती हौसेने आपल्या टेबलावर ठेवली. आपल्याकडे चर्चासत्रांत 'ग्रंथपाल' हे पदनाम बदलून 'माहिती व्यवस्थापक' करावे, असा सूर अधूनमधून लागतो. मला यातले बरेचसे श्रम चष्म्याशी भांडण्यात जातात असे वाटते. राज्यातल्या शाळांतील ग्रंथपाल वर्षानुवर्षे अर्धवेळ राहतात, ते काही पदनाम जुने आहे म्हणून नव्हे.

त्या चित्राने खरे नुकसान कोठे होते, हे मला एका मुलीने दाखवले. बेलापूरकडची, प्रथम वर्षाची ही मुलगी तीन दिवस माझ्या टेबलापर्यंत येऊन परत जात होती. चौथ्या दिवशी मीच विचारले, "काय हवंय गं?" तर ती दचकून म्हणाली, "सॉरी मॅडम, आवाज झाला का माझा?" तिला मिठागरांवर प्रकल्प करायचा होता, तिच्या आजोबांनी मिठागरात काम केले होते आणि त्याबद्दल कोठे काही छापलेले असेल, अशी तिची कल्पनाच नव्हती. मी तिला ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची समग्र माहिती देणारा सरकारी ग्रंथ, काढून दिले. आपल्या परिसरातल्या मिठाविषयी छापलेले पान पाहताना तिने ओळीखाली बोट धरले आणि ते बराच वेळ उचललेच नाही.

या भीतीला आमच्या शास्त्रात नावही आहे. कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ साली अमेरिकन विद्यार्थ्यांच्या लेखनावरून 'ग्रंथालय-चिंता' ही संज्ञा मांडली: बाकीच्यांना सगळे येते, मलाच येत नाही, आणि विचारले तर ते उघडे पडेल, असे मुलांना वाटते. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा रंगनाथन यांचा चौथा सिद्धान्त १९३१ पासून आम्ही पाठ करतो. पण तोंडच न उघडणाऱ्या वाचकाचे तीन दिवस कसे वाचवायचे?

त्याच आठवड्यात मी 'शांतता राखा'च्या दोन्ही पाट्या उतरवल्या, एक टेबलामागची आणि एक अभ्यासिकेतली, आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. दहा दिवसांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचा अर्ज आला, खाली सव्वीस सह्या: अभ्यासिकेत गोंगाट वाढला असून पाटी त्वरित पूर्ववत लावावी. म्हणजे ज्या शांततेवरून आम्हाला हसतात, ती मागणारे वाचकच. शिपाईकाका पाटी पुसून अभ्यासिकेत लावताना एवढेच म्हणाले, "मी तेव्हाच म्हणणार होतो, मॅडम." मग म्हणाला का नाहीत, हे विचारायचे मी टाळले.

टेबलामागची पाटी मात्र परत लागली नाही. तिच्या दोन खिळ्यांपैकी एकावर आता कालनिर्णय आहे, आणि तिथी बघायला येणारी मुले जाताजाता पुस्तकाचेही विचारतात.