डोळे मिटून बोट फिरवायचं

रविवार, रात्र.

सोरायसिसच्या मलमाबद्दल एक गोष्ट आज नीट लिहून ठेवावीशी वाटते. कोपरावरचा चट्टा सुरुवातीला जाड, खरखरीत असतो, वर पांढरे पापुद्रे. स्टिरॉइडचं मलम लागू पडलं की आधी पापुद्रे जातात, मग जाडी उतरते. मागे उरतो तपकिरी डाग. सावळ्या त्वचेवर तो महिनोन्‌महिने टिकतो आणि तोच फसवतो. डाग दिसतोय म्हणून मलम लावणं चालूच राहतं. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवावं. चट्ट्याची कड बोटाला लागली नाही, तर तिथलं स्टिरॉइडचं काम झालं. रंग घालवायचं ते औषधच नव्हे. तरीही लावत राहिलं, तर त्वचा पातळ पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि जांघेत-काखेत ताणल्यासारखे पट्टे उमटतात, ते कायमचे.

माप तर्जनीचं. टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्टा तेवढाच असेल आणि मलम दिवसातून एकदाच असेल, तर 30 ग्रॅमची ट्यूब दोन महिने चालायला हवी. पंधरा दिवसांत संपली, तर हात सैल सुटलाय. ट्यूब उघडली ती तारीख तिच्यावरच पेनाने लिहावी.

क्लोबेटासोल हे स्टिरॉइड सर्वांत तीव्र गटातलं. आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर नाही, आणि डॉक्टरांनी पुन्हा पाहिल्याशिवाय सलग दोन आठवड्यांपुढे नाही. चेहरा, काख, जांघ इथे ते नकोच. तिथली त्वचा नाजूक, त्यात पावसाळ्यात घड्या ओल्या राहतात. औषध जास्त मुरतं. वरून प्लास्टिक गुंडाळलं तरी तेच होतं.

डोक्यात लावायचं लोशन केसांना नव्हे, भांग पाडून टाळूला. मॉइश्चरायझर आणि स्टिरॉइड यांत अर्धा तास जाऊ द्यावा.

बरेच दिवस लावलेलं तीव्र मलम एकदम थांबवलं, तर चट्टे उसळून येऊ शकतात. डॉक्टर म्हणूनच आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं उतरवत नेतात. अंगभर लाली, पूभरल्या बारीक पुळ्या, सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

2018 साली 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. तरी गजकर्णासाठी घरात आणलेली मिश्र, म्हणजे बुरशीच्या औषधात स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब सोरायसिसवर सर्रास लावली जाते. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. क्लोबेटासोल बहुधा तिथेच सापडतं.